मेंढीच्या कातड्यावरचा दस्त

“हात लावायच्या आधी हवा कशी आहे ते बघा.” हमीद डफवाला हे दिवसातून दहा वेळा म्हणायचा. डफ मढवताना म्हणायचा, बायको सलीमा पापड वाळत घालायला निघाली तरी म्हणायचा. कातड्यावरून त्याचा हात झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा फिरे. तोच हात माणसावर पडला की माणूस आडवा होई. सलीमाच्या भुवईवर त्या हाताची एक जुनी खूण होती. ती झाकायला तिनं कधी पदर ओढला नाही.

एकसष्ट साली धरण फुटलं आणि नदी शनिवार पेठेतल्या त्यांच्या आळीत घुसली. आठ घरांच्या भिंती बसल्या. खुंट्याला बांधलेल्या दोन शेळ्या बांधल्या जागी मेल्या. पाणी उतरल्यावर हमीदनं चिखलातून लोखंडी पेटी उपसली. तिच्यात आळीचा दस्त होता. त्याच्या खापरपणज्यानं खडकीच्या पलटणीचे ढोल मढवून दिले होते, म्हणून गोऱ्या साहेबानं ही जागा आठ घरांच्या नावे मेंढीच्या कातड्यावर लिहून दिली होती. चिखल वाळायच्या आतच सर्जेराव वखारवाला ‘जागा माझी’ म्हणत कोर्टात गेला. तारीख पडली मंगळवारची. दस्त दाखवता आला तर घरं पुन्हा उभी राहणार, नाहीतर आठ कुटुंबं रस्त्यावर.

आणि दस्त तर पाणी पिऊन आतड्यासारखा लिबलिबीत झाला होता.

पडक्या घराची एकच खोली शाबूत होती. तिथं हमीदनं लाकडी चौकट उभी केली. कातड्याच्या कडेत नदीतले बारीक खडे गुंडाळले, त्यांना दोरे बांधले आणि ते चौकटीला ताणले. ऊन नाही, जाळ नाही, वारा नाही. पावसाळी हवेत कातडं रात्रभर ओल ओढायचं आणि सैल पडायचं. सकाळी तो एकेक दोरा केसभर ओढायचा. जास्त ओढला तर शाईचे पोपडे उडतील, ही त्याची भीती.

“मंगळवारी न्यायाधीशांना ही दोऱ्यांची खाट दाखवायची का?” आळीची बाजू मांडणाऱ्या श्रीधर वकिलांनी विचारलं.

“घाईनं वाळवलं तर कातडं आक्रसून मूठभर कडक शिंग हातात येईल, वकीलसाहेब. ते दाखवा.”

गुरुवारी सर्जेरावची दोन माणसं काठ्या घेऊन आली. पहिल्याच घावात हमीदच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. त्यानं उजव्या हातानं कातडं ठोकायची लाकडी मोगरी उचलली आणि एकाच्या जबड्यावर घातली. दात उंबऱ्यावर सांडले. दुसरा पळाला. हमीदनं आपल्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. आधी चौकट बघितली, मग भिंतीवरचं रक्त पुसलं.

रविवारी तो बोटं बांधून घ्यायला हाडवैद्याकडे गेला. सलीमा पाण्याच्या रांगेत होती. घरी राहिला होता त्याचा धाकटा भाऊ अय्युब. दमट हवेत डफाचा आवाज बसला की अय्युब तो जाळावर शेकायचा, मग डफ बोलायला लागतो. वीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. दस्त सैल दिसला, भावाचा हात मोडलेला, तारीख जवळ आलेली. त्यानं शेगडी पेटवली आणि चौकटीखाली सरकवली.

डफाच्या कातड्याला भोवती कडं असतं, ते त्याला आक्रसू देत नाही. इथं नुसते दोरे. सलीमा घागर घेऊन दारात आली तेव्हा ते तटातट तुटत होते, खडे भिंतीवर आदळत होते आणि वरची कड आवळत, कुरळत, पिवळी पडत खाली येत होती. तिच्यामागेच हमीद आला.

त्यानं शेगडी लाथेनं उडवली. निखारे अंगणभर झाले. मग मोगरी घेतली. पहिल्या घावाला अय्युबचा हात कोपराखाली मोडला, दुसऱ्याला कपाळ फुटलं. अय्युब ओरडला नाही. “भाईजान, मी शेकत होतो,” एवढंच म्हणत राहिला. तिसऱ्या घावाच्या खाली सलीमा उभी राहिली.

“मारा. पण चौकट पडतेय. ती धरणार कोण?”

मोगरी खाली पडली. हमीदनं चौकट धरली आणि ती धरूनच तो गुडघ्यांवर बसला.

वरच्या चार ओळींचं शिंग झालं होतं. खाली आठ घरांची नावं, चतुःसीमा, सही आणि शिक्का शाबूत होते. “एवढं पुरेल,” श्रीधर वकील म्हणाले, “पण ते मंगळवारपर्यंत वाळायला हवं.”

सोमवारी सकाळी जबड्याच्या तक्रारीवरून हवालदार आला. खाटेवरचा अय्युब त्याला दिसला.

“तुला काय झालं?”

“पडलो, साहेब.”

“घरं सगळी पुरात पडली. तू कशावरून पडलास?”

“मी मारलं त्याला,” हमीद म्हणाला. “तो जबडाही मीच फोडला. चला.”

सलीमाला त्यानं सगळे दोरे बोटानं दाखवले. कुठला ढिला, कुठला ताठ. खिडकी दुपारपर्यंत बंद ठेवायला सांगितली. अय्युबच्या खाटेपाशी जरा थांबला आणि दाराकडे वळला.

“अहो,” सलीमा म्हणाली, “हवा मी बघते.”

तो हवालदाराच्या पुढे चालू लागला, बांधलेला हात छातीशी धरून, चिखलातल्या फळ्यांवरून. अय्युब सुजलेल्या डोळ्यांनी दारातून बघत होता. सलीमा एक हात पहिल्या दोऱ्यावर ठेवून, तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिली.