भोगीच्या भाजीतला फ्लॉवर

मला शेतीतलं सगळं कळतं. माहेर निफाडचं, वडिलांची द्राक्षबाग, त्यामुळे ज्ञान रक्तातच आहे. (बागेत मी फक्त द्राक्षं खायला जात असे, हा तपशील लग्न ठरताना कोणी विचारला नाही.)

सासूबाईंना मात्र हे मान्य नाही. गिरणाऱ्याकडच्या मळ्यात त्यांनी जन्मभर भाजीपाला पिकवला. आजही थोरल्या दिरांच्या टेम्पोतून तो रोज पहाटे नाशिकच्या बाजारात येतो. माझ्या गॅलरीतली तुळस पुन्हा वाळली तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे गं. तुजा हातच तसा हाय." दिवाळीला मी त्यांना घेतलेली मोरपंखी साडीही त्यांनी एकदासुद्धा नेसली नव्हती. विचारलं तर म्हणायच्या, "ठेवलीय. कामाला येईल."

म्हणूनच, लेकीच्या शाळेत परसबागेसाठी पालक हवेत असं कळल्यावर मी पहिला हात वर केला. दुसराही माझाच होता. तो नवऱ्याच्या वतीने! शाळेच्या मोठ्या बाईंना तिथल्या तिथे शब्द दिला: यंदा भोगीची भाजी मुलांनी पिकवलेली, बाजारातली एक काडीही नाही. वांगी आणि पावट्याच्या जोडीला मुलांनी एकमताने फ्लॉवर निवडला. (भोगीच्या भाजीत फ्लॉवर नसतो, हे मी सांगून पाहिलं. "नाहीतर नुसती वांगी खावी लागतील," पाचवीतली ओवी म्हणाली आणि चर्चा संपली.) प्रमुख पाहुण्या म्हणून मी बोलावलं सासूबाईंना. एकदा बघू देतच माझा हात कसा आहे ते!

थंडी कडाक्याची पडली. मुलं कानटोप्या घालून, नाकं ओढत रोज सकाळी पाणी घालायची. अर्धं रोपांना, अर्धं एकमेकांच्या बुटात. तरी रोपांनी जोर धरला. आणि नेमकी तेव्हाच माझ्यातली बागायतदारीण जागी झाली. आमच्याकडे द्राक्षाच्या वेलीचे शेंडे खुडतात, एवढं मला नक्की आठवत होतं.

"मुलांनो, शेंडे खुडा! झाड कसं भरगच्च होतं बघा."

"सगळ्यांचे, काकू?"

"सगळ्यांचे. भेदभाव नको."

"फ्लॉवरचे पण?" ही ओवी.

"ओवी, मी निफाडची आहे!"

इतकी आज्ञाधारक मुलं मी आयुष्यात पाहिली नाहीत. एक शेंडा शिल्लक ठेवला नाही.

भोगी जवळ आली. वांगी लगडली, पावट्याला शेंगा आल्या. फ्लॉवरला मात्र हत्तीच्या कानाएवढी पानं, आणि मधे काही नाही! "थंडीमुळे उशीर होतोय," मी मुलांना सांगितलं. भोगीच्या आदल्या दिवशीही उशीरच होत होता.

"अगं, आईला खरं सांगून टाक," नवरा म्हणाला.

"तू सांगतोस?"

नाही सांगत म्हणाला. त्यापेक्षा बाजारात जाणं त्याला सोपं वाटलं. भोगीच्या सकाळी नीट उजाडायच्या आत तो पोतंभर फ्लॉवर घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर! बागेची किल्ली माझ्याकडे होतीच. गड्ड्यांवर त्यांचीच पानं ओढून ती कसल्याशा चिंध्यांनी बांधलेली होती.

"हे काय?"

"गड्डा पांढरा राहावा म्हणून बांधतात. तू निफाडची ना?"

वाद घालायला वेळ नव्हता. कुडकुडत आम्ही दोघांनी एकेक गड्डा एकेका झाडाच्या पानांत घट्ट बसवला. चिंध्या तशाच ठेवल्या. म्हटलं, तेवढंच खरं वाटेल!

दहा वाजता पाहुण्या आल्या. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "बसायला आले व्हय?" आणि थेट वाफ्यात शिरल्या. मागोमाग मुलं.

"काकू! एका रात्रीत एवढे मोठे?" ओवी किंचाळली.

"कडक थंडीत होतं असं."

"वांग्यालासुद्धा?"

मी पाहिलं. अंधुक उजेडात नवऱ्याने एक गड्डा वांग्याच्या झाडात बसवला होता! सध्या तो दूर उभा राहून आकाश न्याहाळत होता. तेवढ्यात ओवीने दुसऱ्या गड्ड्याला हात लावला.

"काकू, हा नुसता उचलला तरी आला!"

"तुज्या काकूच्या हातात जादूच हाय," सासूबाई म्हणाल्या. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"आज्जी, आम्ही मेहनत पण केली," ओवीला चेव चढला. "सगळ्यांचे शेंडे खुडले! काकूंनी सांगितलं होतं."

"फ्लावरचेबी?"

"फ्लॉवरचेबी!"

"आगं पोरी, गड्डा शेंड्यातच धरतो. त्योच खुडला तर तिथं काय येणार? काकूचं डोस्कं?"

मोठ्या बाई टाळ्या वाजवायच्या थांबल्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी एका गड्ड्याची चिंधी सोडून माझ्या डोळ्यांसमोर धरली. मोरपंखी रंग. बारीक जरीची किनार.

"आठ दिसांमागं मीच बांधलीय ही गाठ," त्या हळूच म्हणाल्या. "लय कामाला आली हो तुजी साडी. अख्खा वाफा बांधला, एक गाठ सुटली नाय."

मी नवऱ्याकडे वळले. "तू बाजारातून आणले होतेस ना?"

"बाजारातूनच! तिथे दादाचा टेम्पो उभा होता. म्हटलं, घरचाच माल..."

"आजी काय म्हणतायत?" मोठ्या बाईंनी शंकेने विचारलं.

आता संपलंच सगळं, असं मला वाटलं. सासूबाईंनी पदर खोचला.

"काय नाय, बाई. माल चांगला हाय म्हनते. घरचाच हाय."

भाजी फक्कड झाली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर मुलांनी कढई पुसून खाल्ली. वांगी मुलांची, पावटा मुलांचा, फ्लॉवर सासूबाईंचा. त्यात माझं म्हणावं असं काही असेल, तर ती मोरपंखी चिंधी. तीसुद्धा सासूबाईंनी शिजवायच्या आधी सोडून कनवटीला लावली. म्हणाल्या, उद्याच्या गड्ड्याला होईल.