नवव्या महिन्याचा रकाना

जूनमधला दुसरा मंगळवार, लसींचा वार, सकाळी दहा. ऐरोलीतला मुलांचा दवाखाना. हजर: डॉक्टर, अर्ध्या दिवसाच्या रजेवर मी, दोन आया, एक बाप आणि त्यांची मिळून तीन बाळं. यायला हवी होती चार. गैरहजर: सिस्टर. त्या गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या, त्यांची वही माझ्या हातात आहे.

सिस्टर बाळाच्या कपाळाला हात लावण्याआधी आईला विचारायच्या, "रजा कवा संपते?" ताप, खोकला, वजन सगळं नंतर. एखादी आई चिडायची. मग सिस्टर म्हणायच्या, "पोराला ताप हाय का ते मी हातानं सांगते. रजा किती उरली ते तुलाच ठाऊक." उत्तर वहीत जायचं. प्रत्येक बाळापुढे लसींचे रकाने, आणि शेवटी आईची कंपनी व रजेचा शेवटचा दिवस.

त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणणाऱ्या बापावर नाही, 'साधी सर्दी आहे' म्हणणाऱ्या आजीवर नाही. "पगारी रजा सहा महिन्यांची. तवर सगल्या वेळेवर येतात," त्या म्हणायच्या. "गोवराची सुई नवव्या महिन्यात. तवा कोन येनार?"

माझा संशय त्यांच्यावरच होता. जवळच्या एका कंपनीत रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. एका वर्षी मंगळवारच्या सुट्टीचे अर्ज अचानक वाढले. प्रत्येकाला एकाच अक्षरातली चिठ्ठी टाचलेली: 'बाळाला लस आहे. दोन तास सोडा.' ना शिक्का, ना डॉक्टरांची सही. मी नावांची यादी केली आणि दवाखाना गाठला.

सिस्टरनी मला पायापासून वर न्याहाळलं. "औषध कंपनीची का तू?"

"नाही. या चिठ्ठ्या कोण लिहितं?"

"मी. डॉक्टरला टाइम कुठं हाय?"

चेहऱ्यावर जराही ओशाळलेपण नाही. माझा संशय पक्का झाला. दुसऱ्याच दिवशी मी नियम काढला: डॉक्टरांच्या शिक्क्याशिवाय चिठ्ठी चालणार नाही.

त्या नियमामुळे आमच्या कंपनीतल्या समीरचा अर्ज परत गेला. बायकोची रजा संपलेली, आणि बापाला आमच्याकडे मुळात वेगळी रजाच नाही. "मॅडम, दोन तासांचं तर काम आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "शिक्का आणा." शिक्का आणायलाही सुट्टीच लागणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. लस राहिली. अकराव्या महिन्यात त्याच्या मुलीला गोवर झाला, त्यावर न्यूमोनिया. पाच दिवस ती हॉस्पिटलात होती.

सिस्टर आमच्या गेटवर आल्या. वॉचमननं आत सोडलं नाही, म्हणून मीच खाली गेले. त्यांनी वही उघडून रिकामा रकाना दाखवला.

"दोन तास नाय दिलेस, आता बापाला आठ दिवस दे. तुज्या यादीत हे नाव होतं ना, बाय?"

होतं. वरून तिसरं.

मुलगी बरी झाली. मी नियम मागे घेतला आणि लसीसाठी मंगळवारचे दोन तास आई-बाप दोघांनाही मंजूर करून घेतले. सिस्टरचा विश्वास बसेना. "लेखी दे." दिलं. तरी दर मंगळवारी साडेनऊला फोन यायचाच: "तुज्याकडचे निघाले का, का नुसतं सांगतेस?" हळूहळू मला त्या फोनची सवय लागली. उशीर झाला तर मीच काळजीत पडायचे.

निवृत्तीनंतर स्वतःच्या मुलीकडे उरणला जायच्या आधी सिस्टरनी वही माझ्याकडे दिली. मी म्हटलं, "डॉक्टरांकडे ठेवा की."

"ते मऊ हायत, कुनाचंबी खरं मानतात. तू संशयी हायस. तूच ठेव."

कौतुक म्हणून एवढंच मिळालं. मला पुरलं.

आज न आलेल्या बाळाला दहावा महिना लागला आहे. आईची कंपनी: आमचीच. मार्चमध्ये ती कामावर रुजू झाली, पण तिचा दोन तासांचा अर्ज माझ्या टेबलावर आलेलाच नाही. आत्ता फोन केला, तर म्हणाली, "मॅडम, पुढच्या आठवड्यात नक्की."

तिला मागायची भीती वाटली, की तिच्या टीम लीडरनं अर्ज दाबून ठेवला, हे तिच्या जागेवर जाऊन विचारायचं बाकी आहे.