साळूबाईनं न फोडलेला कागद

शेवगावात गहिनीनाथ भाऊसाहेबांसारखा मोडी वाचणारा दुसरा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट लोकांनी सांगायची वेळच यायची नाही. ते स्वतःच सांगत. नोकरीतून सुटून सात वर्षं झाली, तरी कचेरीसमोरच्या चहाच्या पडवीत सकाळी दहाला त्यांची बैठक लागायची ती लागायचीच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जिभेला धार, आणि एकच हेका: कागदात आहे तेच वाचायचं. बांधाच्या भांडणात कुणी हळूच म्हणालं, "तेवढी एक ओळ गाळा की," तर ताडकन म्हणायचे, "मग तुझ्या बैलाकडून वाचून घे जा!" तसलेच कागद वाचून वाचून त्यांचा जीव विटला होता. मेलेली माणसंही बांधावरूनच भांडतात, एवढंच म्हणे त्यांना इतिहासानं शिकवलं.

एकाहत्तर साली, सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर असताना, गोजरबाई त्यांच्यापुढे येऊन बसल्या. साठी उलटलेली विधवा, पोरबाळ नाही. दोन कोसांवरच्या गावातून यष्टीनं आल्या होत्या, आणि पदराखाली एक गाठोडं जपून धरलेलं. फडक्यात फडकी, तीन फडकी सोडल्यावर आतून हळदी-कुंकवानं माखलेला, घडी घालून चिकटवलेला कागद निघाला.

"माझ्या मालकाच्या पणज्याचा हाय, भाऊसाहेब. भिमाजी त्याचं नाव. बंडाच्या सालात कंपनीच्या पलटनीत गेल्ता, तिकडं उत्तरंत."

भाऊसाहेबांनी कागद उलटापालटा केला. "अहो आक्का, हा तर कुणी फोडलेलाच नाही!"

"न्हाईच फोडला. एक गोसावी आनून दिऊन गेला. तवा साळूबाई, म्हंजी भिमाजीची बायकू, म्हनली, ह्यो वाचला तर मानूस मेलेला निघंल. न वाचता जित्ता हाय. तिनं त्यो देव्हाऱ्यात ठिवला. ऐंशी वर्सांची हून म्हातारी कुकू लावूनच गेली."

"आणि तुम्ही त्याची पूजा करत बसलात? एकशे तेरा वर्षं? धन्य आहे!"

"हसा तुमी. पन जित्त्या मानसाचा म्हाळ घालत्यात व्हय? आमच्या घरात समद्या पितरांना पान वाढत्यात, त्याला न्हाई. आता माझ्यामागं वाढनारं कुनी न्हाई. त्यो गेला असंल तर इतकी वर्सं उपाशी हाय. मी डोळं मिटायच्या आत त्याला जेवू घालायचंय, भाऊसाहेब. गेला का न्हाई, तेवढं सांगा."

भाऊसाहेबांचं हसू जागच्या जागी जिरलं. पाण्याचं बोट फिरवून त्यांनी चिकटवलेली कड सैल केली आणि घडी उलगडली. तर काय, चिमूटभर वाळू धोतरावर सांडली! शाई टिपायला टाकलेली वाळू, काळी, बारीक, अजून चमकणारी. आयुष्यभर त्यांनी जुने कागद हाताळले होते, पण ते सगळे दहा हातांतून गेलेले. लिहिणाऱ्यानं वाळू टाकली आणि ती थेट त्यांच्याच मांडीवर पडली, असं कधी झालं नव्हतं.

"आक्का," त्यांचा आवाज बदलला, "ही तिकडच्या नदीची वाळू बरं का."

मग ते वाचू लागले. "वज्रचुडेमंडित सौभाग्यवती साळूबाई यांसी भिमाजीचा आशीर्वाद. उद्या लढाई. पलीकडेही आपलेच मुलखातले लोक आहेत. मराठीत शिव्या देतात, त्या ऐकोन घर आठवते. पोर रांगते की चालते, ते कळवणे."

"चालत हुतं म्हनं," गोजरबाई पुटपुटल्या.

तिथून खाली अक्षर बदललं होतं. वरचं वळणदार, खालचं काटक्यांसारखं. "वरील मजकूर ज्याचा, तो काल झाडीत पडला. मी विरुद्ध पक्षाचा. पळत होतो. त्याने 'आई, पाणी' म्हटले. भाषा आपली, म्हणोन थांबलो. पाणी पाजले. माझे मांडीवर प्राण गेला."

पुढच्या ओळीवर भाऊसाहेब अडले. डोळ्यांनी ती वाचली, तोंडातून निघेना. गाळली तर कुणाच्या बापाला कळणार होतं? ही म्हातारी सुखानं घरी जाईल. जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटलं, चुलीत गेला तो हेका.

"थांबलासा का? वाचा," गोजरबाई म्हणाल्या. "लई वाट बघितलीया घरानं."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "त्या झाडीवर मीही गोळ्या झाडल्या होत्या. लागली ती माझी नव्हे, असे माझ्याने म्हणवत नाही. नदीत उभा राहोन त्याचे नावे पाणी सोडले. तीळ मिळाले नाहीत. बाई, मला शिव्या द्याव्या, परंतु तो तहानेला गेला नाही, इतके जाणावे."

गोजरबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. तशाच त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"नाव घातलं नाही, आक्का. सापडला असता तर फासावर गेला असता बिचारा."

"मंग त्याच्या घरी तरी कुनाला ठावं, त्यो कवा गेला?"

अमावास्येला भाऊसाहेब न बोलावता त्यांच्या घरी गेले. अंगणात पितरांच्या पानांशेजारी आणखी दोन पानं मांडलेली. गोजरबाई भात घेऊन आल्या, आणि मदतीला आलेल्या शेजारच्या पोरानं भिमाजीचं पान पुढं ओढलं तसं त्यांनी त्याचा हात धरला.

"आधी दुसऱ्या पानावर वाढ," त्या म्हणाल्या. "आपल्या मानसाच्या नावानं एकानं तरी पानी सोडलं. ह्याच्या नावानं कुनी सोडलं असंल का, देव जाने."

चाळीस वर्षं कुठल्याच कागदापुढे न वाकलेले गहिनीनाथ भाऊसाहेब चपला काढून त्या बिननावाच्या पानापुढे वाकले, आणि त्यांना लवकर उठवेना.