तीन विती वाट

काकूंचा फोन दर बुधवारी येतो. जेवणाच्या सुट्टीत, बरोबर दीडला. हल्ली बुधवार उजाडला की मला तो फोन नकोसा वाटतो. का ते सांगते, पण आधी काकू कोण ते ऐका, नाहीतर मधेच मला शहाणपण शिकवायला लागाल.

काकू म्हणजे आमच्या बांधकाम परवानगी खात्यातल्या नकाशा तपासनीस. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना भिंगकाकू म्हणायचे. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक. तिला या नोकरीवरच वाढवली, शिकवली. आवाज एवढासा, पण नकाशात चूक सापडली की भल्याभल्या आर्किटेक्टना घाम फोडायच्या. एकाने नकाशात संडासाला दारच दाखवलं नव्हतं. काकूंनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "आत गेलेला माणूस बाहेर कसा यायचा हो? का तो तिथेच राहायला गेलाय?" आम्ही आठवडाभर हसत होतो. काकू मात्र हसल्या नव्हत्या. आग लागली तर बाहेर कसं यायचं, हा त्यांचा पहिला प्रश्न. कुठलाही नकाशा आला की आधी मागचा जिना शोधायच्या, मग बाकीचं.

मी नोकरीला लागले तेव्हा काचेचं टेबल होतं, काचेखाली ट्यूबलाइट. जुना नकाशा खाली, नवा वर, आणि जुळत नाही ते शोधायचं. ते काम मला काकूंनी शिकवलं, अक्षरशः हात धरून. मग कॉम्प्युटर आले. आता जुना नकाशा लाल रेघांत दिसतो, नवा निळ्या रेघांत, आणि दोन्ही एकावर एक ठेवले की जिथे रेघा जुळतात तिथे काळं दिसतं. नुसतं लाल उरलं म्हणजे ते काढून टाकलंय, नुसतं निळं म्हणजे नवीन घातलंय. पोरखेळ झाला की हो! मी तर खूश होते. काकू म्हणाल्या, "फार सोपं झालंय गं. मला भीती वाटते."

"काकू, तुम्हाला साखर खातानाही मुंग्यांची भीती वाटते," मी म्हटलं.

पण भीती खोटी नव्हती. नवा सुधारित नकाशा उघडला की कॉम्प्युटर आपण होऊन त्याच्या लगेच आधीचा नकाशा समोर आणतो. पाचव्याशी चौथा, सहाव्याशी पाचवा. खात्याचं परिपत्रकही तेच सांगतं, वर एक पुस्ती जोडून: पाच इंचांच्या आतला बदल किरकोळ समजावा. टेबलावर दिवसाला चाळीस नकाशे येऊन पडतात. त्यातून कोण कशाला मागचं उकरत बसतंय?

बाजाराच्या रस्त्यावर एक चार मजली इमारत उभी राहत होती. खाली दुकानं, वर भाड्याच्या जागा. पुढच्या जिन्याला लागूनच गाद्यांचं मोठं दुकान, त्याच्या मागे गोदाम. दोन वर्षांत त्या इमारतीचे सात नकाशे आले. आज खिडकी सरकली, उद्या मोरी हलली, असं काहीबाही. सातही काकूंनीच तपासले, सातांवर त्यांचाच शिक्का. आणि इमारत पुरी झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर जागा कुणी घेतली? काकूंच्या लेकीने. तिला पाळणाघर काढायचं होतं. काकूंना केवढा आनंद झाला! "माझ्याच शिक्क्याची इमारत आहे. डोळे झाकून घे," असं त्यांनी स्वतः तिला सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं.

पाळणाघर सुरू झालं त्या दिवशी मीही गेले होते. बावीस पोरं, छोट्या छोट्या चटया, भिंतीवर हत्तीघोडे रंगवलेले. काकूंची दोन वर्षांची नात सगळ्यांच्या बाहुल्या हिसकावत फिरत होती. निघताना काकूंनी तिला कडेवर घेतलं आणि सवयीने मागच्या जिन्याकडे वळल्या. मी मागोमाग. जिना चांगला होता. पण खाली उतरलं की दाराबाहेर जायला गोदामाच्या भिंतीच्या कडेने एक वाट आहे. तिथे काकूंचं कोपर भिंतीला घासलं. त्या अंग तिरकं करून सरकल्या, तेव्हा नातीचं डोकं दुसऱ्या भिंतीला टेकलं आणि ती रडायला लागली.

काकूंनी पोर माझ्याकडे दिलं. हाताचा पंजा ताणून भिंतीपासून भिंतीपर्यंत वीत टाकली. एक, दोन, तीन. संपली वाट. पुन्हा मोजली. तीनच.

"सहा हव्यात," त्या म्हणाल्या.

"काय सहा?"

रस्त्याला लागेपर्यंत त्या त्याच वाटेकडे वळून वळून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा काकू आधीच बसल्या होत्या. त्यांनी सातवा नकाशा उघडला. कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे सहावा पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला आणि यादीच्या तळातून पहिला ओढून आणला. एकावर एक ठेवले. अख्खा पडदा काळ्या रेघांनी भरला आणि मागच्या कोपऱ्यात, गोदामाच्या भिंतीलगत, तांबडा जाड पट्टा उमटला, आणि वाटेच्या मधोमध तसाच निळा. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मग त्यांनी एकेक करून जोड्या लावल्या. पहिल्यावर दुसरा: दोऱ्याएवढी लाल रेघ, शेजारी तेवढीच निळी. दुसऱ्यावर तिसरा: तशीच. प्रत्येक वेळी भिंत चार इंच पुढे आली होती. पाचाच्या आत. सहा वेळा. चार फुटांची वाट दोन फूट झाली होती आणि गोदाम तेवढं फुगलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं!

"पण मग आकडा?" मी विचारलं. "वाटेची रुंदी लिहिलेली असते ना?"

"तिसऱ्यात आकडाच काढून टाकलाय." त्यांनी भिंग पडद्यावर धरलं, जसं काही कॉम्प्युटरला भिंग लागतं. 'चार फूट' ही अक्षरं लाल दिसत होती. "हे मी तेव्हा बघितलं होतं गं. लाल दिसलं होतं मला. म्हटलं, दुसरीकडे कुठे लिहिला असेल. रांगेत अजून एकोणीस नकाशे होते."

जागेवर जाऊन इमारत तपासणारे वेगळे असतात, पण ते बांधकाम सातव्या नकाशाप्रमाणे आहे ना, एवढंच बघतात. ते होतंच.

मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "काकू, कुणाला कळलेलं नाही. लेकीला हळूच सांगा, जागा बदल म्हणावं." भित्री आहे मी, लहानपणापासूनची. काकू म्हणाल्या, "आणि तिच्या जागी दुसरं कोण आलं तर?" त्यांनी स्वतःच्या हाताने साहेबांना टिपण लिहिलं. सात नकाशे, सात शिक्के, चूक माझी, परवानगी थांबवा.

साहेबांनी टिपण वाचून कपाळाला हात लावला. "काकू, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. झाकली मूठ होती ना?"

"मूठ माझी आहे, साहेब. आत पोरं दुसऱ्यांची आहेत."

चौकशी लागली आणि पाळणाघराला टाळं लागलं. लेक ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर बोलली. "तूच म्हणालीस घे. आता तूच बंद पाडलंस! बावीस आया रोज सकाळी माझ्या दारात उभ्या आहेत, आई. त्यांना मी काय सांगू? आईचा शिक्का चुकला?" काकू एवढंच म्हणाल्या, "हो, तसंच सांग." लेक पाय आपटत गेली ती गेलीच. फोन नाही, येणंजाणं नाही. नातीला घेऊन कधी आली नाही.

चौकशीचा निकाल असा लागला की प्रत्येक बदल किरकोळ, नियमातला, म्हणून इमारत बरोबर. तपासनीस मात्र गाफील. भिंत जागच्या जागी राहिली, पाळणाघराचं टाळं नवा नकाशा मंजूर होईपर्यंत तसंच ठेवलं आणि काकूंना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तीन महिन्यांत त्यांनीच राजीनामा दिला. तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलेली बाई एक पिशवी घेऊन निघून गेली. मला इतका संताप आला होता! पण तो गिळला, जसा नेहमी गिळते.

जाताना त्यांनी भिंग माझ्या हातात ठेवलं. "आठवा नकाशा येईल बघ. टाळं काढायला इमारतवाले आणतीलच. तो तुझ्याकडे येईल. सातव्यावर ठेवू नको, पहिल्यावर ठेव. मग बदल किरकोळ आहे असं कुणाला म्हणता येणार नाही. ठेवशील ना?"

"ठेवीन काकू. शपथ."

आठवा आला. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले, हे एरवी कधी होत नाही. "सातव्याशी तुलना करा. नियमात तेवढंच आहे. उगाच पुराणं काढू नका. रेकॉर्ड रूममधली खुर्ची अजून रिकामीच आहे." हसतच म्हणाले.

मी सातव्यावर आठवा ठेवला. सगळं काळं. लाल कुठेच नाही, टिंबाएवढंसुद्धा नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक निळा शब्द नव्याने घातलेला होता: पाळणाघर. आणि खाली अर्जदार म्हणून काकूंच्या लेकीची सही.

यादीच्या तळाला पहिला नकाशा होता. बोट तिथवर न्यायचं आणि एकदा दाबायचं, बस. माझं बोट तिथवर गेलं. साहेब मागे उभे होते. मी शिक्का मारला. घाबरले म्हणून मारला, दुसरं काहीही कारण नाही. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, मी रोज ते स्वतःला म्हणते.

पाळणाघर पुन्हा सुरू झालं. लेक मला बाजारात भेटली, म्हणाली, "आईला कळू देऊ नका हं, ती पुन्हा काहीतरी लिहीत बसेल." मी मान हलवली. आता रोज संध्याकाळी घरी जाताना त्या इमारतीवरून जाते. वर खिडकीत पोरं दिसतात, नात पण दिसते, खिडकीला नाक लावून बसलेली. काल मी मागच्या गल्लीत शिरले. मागचं दार उघडं होतं. गोदामात मावल्या नाहीत म्हणून गाद्यांच्या गुंडाळ्या वाटेत उभ्या करून ठेवल्या होत्या. मी वीत टाकून बघितली. एक बसली, दुसरी बसली नाही.

आज बुधवार. दीडला फोन वाजला.

"आठवा आला का गं?"

"नाही हो काकू. अजून नाही."

"आला की पहिल्यावर ठेव हं."

"हो काकू."

"लेकीने दुसरीकडे जागा घेतली म्हणे. शेजारणीकडून कळलं. माझ्याशी बोलत नाही ते जाऊ दे, पण पोरं तिथून निघाली ना!" त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या. "आता मला रात्री झोप लागते बघ."

"झोपा काकू, सुखाने झोपा," मी म्हटलं, आणि त्यांनी फोन ठेवेपर्यंत रिसीव्हर तसाच कानाशी धरून बसले.