ऐंशी पौंडांच्या कापडावर उभं तळं

घमेल्यातलं पाणी चोवीस तासांत पाव इंच उतरलं होतं आणि तळ्यातलं दीड इंच. मी दोन्ही पट्ट्या पुन्हा वाचल्या. आकडे तेच आले.

घमेलं कशासाठी ते सांगतो. उन्हानं पाणी उडतंच. काठावर घमेलंभर पाणी ठेवलं की किती उडालं ते कळतं. तळं त्याहून जास्त उतरलं, तर तेवढं जास्तीचं पाणी जमिनीत मुरलं. म्हणजे आमचं तळं रोज सव्वा इंच गळत होतं. आणि ते गळू नये म्हणून तर सगळा खटाटोप होता.

विदर्भ मुंबई राज्यात येऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. मी ओव्हरसियर होतो. कारंजा (घाडगे)पासून सात मैलांवर, मुरमाड उतारावरच्या एका गावात हे तळं खोदलं होतं. मुरमात पाणी ठरत नाही. फाल्गुनात विहिरी आटल्या की गावच्या बाया दीड मैल चालून पाणी आणत. म्हणून तळ्याला पॉलिथिनचं अस्तर देऊन पाहायचं ठरलं. दिसायला काळं, गुळगुळीत कापड. पण त्यात सूत नाही की वीण नाही. स्क्रूगेजनं जाडी मोजली, तर एका इंचात एकशे साठ थर बसले असते. सगळ्याचं वजन ऐंशी पौंड. दोन माणसांनी खांद्यावर आणलं. त्याच्यावर सहा हजार घनफूट पाणी उभं राहायचं होतं, म्हणजे पावणेचार लाख पौंड. हा हिशोब मी तीनदा केला, कारण माझाच विश्वास बसेना.

गावातले म्हातारे देवाजी ते बोटांनी चाचपत म्हणाले, "मोटीचं चामडं पाह्यलं आमी. हे कोन्त्या जनावराचं हाय?"

"जनावराचं नाही. कारखान्यात होतं."

"मंग याले कुजाचं ठाऊक नसन," ते म्हणाले.

मी काळजी कमी घेतली नव्हती. तळातले खडे वेचले, झुडपांची मुळं खणून काढली. तुकड्यांच्या कडा एकमेकांवर ठेवून, वर वर्तमानपत्र अंथरून, कोळशाच्या इस्त्रीनं सांधले. शीटवर सगळ्यांनी अनवाणी चालायचं, हा नियम स्वतःपासून लावला. उन्हानं शीट खराब होऊ नये म्हणून बायांनी चाळलेली माती वर पसरली. मग नाल्यातून पंपानं दोन फूट पाणी घेऊन पाहिलं. आणि ते गळलं.

एक्झिक्युटिव्ह इंजिनियर जीपनं आले. "नाला अजून किती दिवस वाहील?"

"पंधरा-वीस."

"म्हणजे तळं भरायची एकच संधी. चार दिवस देतो. नाही जमलं, तर शीट गुंडाळा आणि दुसऱ्या साइटवर पाठवा. गावाला तसं सांगून ठेवा."

मी गावाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तळं उपसलं, माती लाकडी फावड्यांनी ओढली, शीटची एक बाजू उचलून धरायला लावली आणि खाली शिरून वर पाहिलं. काळ्या छतात उजेडाचे ठिपके होते. भर दुपारी चांदण्या पाहिल्यासारखं वाटलं. मी मोजू लागलो आणि लक्षात आलं, ठिपके जोडीजोडीनं होते. सगळीकडे फिरून मोजल्या, तर एकशे सहा जोड्या. प्रत्येक जोडीत अंतर साधारण पाव इंचाच्या निम्मं.

"उंदीर," देवाजी म्हणाले. पण उंदीर कडा कुरतडतो.

बायांची पुढारीण गिरजाबाई खाली वाकली. "उंदराचं नाई, सायेब. आमचंच हाय हे. सारवल्यावर वल्या अंगनात पाय पडला का असेच ठिपके उमटते." तिनं पाय उचलून दाखवला. जोडव्याची दोन टोकं बोटाखाली जवळजवळ येत होती, वर्षानुवर्षं चालून झिजलेली आणि धारदार. मी पट्टी लावली. अंतर जुळलं.

तेवढ्यात पाहणीला परत आलेले एक्झिक्युटिव्ह साहेब मला म्हणाले, "मग काढायला सांगा जोडवी."

गिरजाबाईनं ऐकलं होतं. "काऊन काढू? माया धनी जित्ता हाय. सायेबाच्या बाईले इचारा आंधी, ते काढते का."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"लुगड्याच्या चिंध्या बांधतो आमी पायाले," ती म्हणाली. "त्यात का हाय एवढं?"

दीड दिवसात एकशे सहा ठिगळं इस्त्रीनं बसवली. पुन्हा माती पसरायच्या वेळी गिरजाबाई काठावर उभी राहून एकेकीचे पाय तपासून आत सोडत होती. मी निघालो तर मलाही अडवलं.

"दाखवा पाय. नखं पाहा किती वाढले. अशे जाऊन राह्यले तुमी आत?"

मी नखं कापून आलो.

तळं पाच फूट भरलं. आठव्या दिवशी घमेलं पावणेदोन इंच उतरलं होतं. तळंही पावणेदोन इंच. साहेबांनी स्वतः वाकून दोन्ही पट्ट्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मीही. खाली एका इंचात एकशे साठ मावतील एवढा पदर होता, आणि वर पावणेचार लाख पौंड पाणी निवांत उभं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी मोठमोठी धरणं पाहिली, पण एवढा वेळ कुठल्याच पाण्याकडे पाहत उभा राहिलो नाही. चैत्रात गावच्या बायांनी त्याच तळ्यावर घागरी भरल्या.

शीट बरोबर आली होती, हिशोब बरोबर होता, नियमही बरोबर होता. फक्त तो लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माझेच पाय होते. आता मी 'अनवाणी' लिहिण्याआधी कामावर कोण चालणार आहे ते पाहून येतो.