खोबरेल आणि उजवा बूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: माझ्या जावयाची नोकरी मी खोबरेल तेलाने घालवली.

मार्चमध्ये मी वॉटफर्डला लेकीकडे गेलो. हीथ्रोवर जावई, डॅन, गाडी घेऊन आला होता. बाहेर सगळं एकाच राखाडी रंगाचं: आकाश, रस्ता, मेंढ्यासुद्धा. डॅन किकर होता. (अमेरिकन फुटबॉलमध्ये बाकीचे एकमेकांना आपटतात, किकर बाकावर बसून राहतो आणि वेळ आली की येऊन एकच लाथ मारतो. चेंडू दोन उंच खांबांमधून गेला की झालं.) पुण्यात मी "जावई स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहेत" असं सांगत असे. लाथ मारण्याचा पगार मिळतो, हे सोसायटीत कोणत्या तोंडाने सांगायचं?

"बाबा, गुरुवारी त्याची ट्रायल आहे," मीनलने मला किचनमध्ये गाठलं. "जर्मनीची टीम येतेय. चौतीस वर्षांचा आहे तो. हे काँट्रॅक्ट नाही मिळालं तर संपलं. सो प्लीज, त्याला सल्ले देऊ नका."

"मी कधी देतो सल्ले?"

"आमच्या लग्नात भटजींना दिले होतेत."

सल्ला नाही दिला. दिला असता तर परवडलं असतं.

बुधवारी दोघं बाहेर गेल्यावर दारापाशी डॅनचे बूट दिसले. डावा दहा नंबरचा, उजवा साडेआठचा, जुना, चामडं ताठ. मला भरून आलं. चुकीचा जोड मिळाला असेल, भिडस्त माणूस बोलला नसेल. चावणाऱ्या चपलेवर आमच्या घरी एकच उपाय. खोबरेल थंडीने गोठलं होतं. बाटली रेडिएटरवर ठेवून पातळ केलं, बूट आतून-बाहेरून चोळला, लोणच्याच्या बरणीभोवतीचं वर्तमानपत्र भिजवून आत ठासलं आणि बूट दुपारभर उबेला ठेवला. चार वाजता तो लोण्यासारखा मऊ झाला होता. कागद काढून जागच्या जागी ठेवला आणि समाधानाने चहा केला.

गुरुवारी मैदानावर बोचरा वारा होता. "नारळाचा वास कुठून येतोय?" मीनलने विचारलं.

"माझ्या केसांचा."

मला केस नाहीत. ती तिकडे डॅनकडे बघत होती, म्हणून निभावलं.

"तो उजवा बूट आहे ना बाबा, तो मुद्दाम लहान घेतलाय. पायाला चेंडू नीट कळतो. इतका टाइट की किकच्या आधी घालायचा आणि लगेच काढायचा. नऊ वर्षं तोच."

तेव्हाच उठून ओरडायला हवं होतं. मी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

डॅनने लेस आवळली. पुन्हा आवळली. पहिला चेंडू डावीकडे गेला, दुसरा खांबाला लागला. तिसऱ्या वेळी चेंडू जेमतेम फूटभर उडाला; बूट मात्र गिरक्या घेत दोन्ही खांबांच्या बरोबर मधून गेला. एका जर्मनाने दोन्ही हात वर केले (किक यशस्वी झाल्याची खूण). सगळे हसले. एका मोज्यावर उभा राहून डॅनही हसला.

परतताना चिप्सच्या दुकानात थांबलो. सोबत मशी पीज (फोडणी द्यायची राहून गेलेली वाटाण्याची उसळ). मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॅन म्हणाला, "बूट तोच आहे, बाबा. माझा पायच बारीक झालाय. संपला पाय."

"डोन्ट बी सिली," मीनल म्हणाली.

मी म्हणालो, "जरा व्हिनेगर देता?"

दुसऱ्या दिवशी त्याने एका शाळेला फोन करून पीईच्या (कवायत-खेळाच्या) मास्तरकीला होकार दिला. बूट कचऱ्याच्या डब्यात गेला. तो मी गुपचूप काढून माझ्या बॅगेत ठेवला.

हीथ्रोवर डॅनने वाकून नमस्कार केला. लग्नात शिकवला होता, विसरला नाही. वाकल्यावर त्याने माझे बूट चाचपले. "कम्फर्टेबल ना, बाबा?"

सिक्युरिटीवरच्या पंजाबी बाईंनी माझी बॅग उघडली. "एकच बूट, अंकल? दुसरा कुठाय?"

"दुसऱ्याची काही चूक नव्हती," मी म्हणालो. त्यांनी जाऊ दिलं.

बूट आता पुण्यात माझ्या कपाटात आहे. शर्टांना खोबऱ्याचा वास येतो. सोसायटीत मी हल्ली खरं सांगतो, जावई किकर होते म्हणून. मीनल फोनवर म्हणते, तो मुलांना सगळं शिकवतो, पण स्वतः चेंडूला पाय लावत नाही.

त्याचा पाय बारीक झालेला नव्हता. हे मला त्याला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.