पिशवीतून काढलेला पंप

आमच्या ह्यांचा, म्हणजे गोविंदरावांचा, अकोट्याच्या बागेत सकाळी सहाला प्राणायामाचा वर्ग असे. बारा वर्षं, एक दिवस खाडा नाही. रिफायनरीतून रिटायर झालेली माणसं पेपर वाचत बसतात, हे चाळीस जणांना घाई कसली म्हणून गुजरातीत दरडावायचे, "श्वास धीमे छोडो, उतावळ शेनी छे?" लोक हसायचे, पण ऐकायचे.

मी कधी गेले नाही. घरबसल्या टोमणे मारायचे. पण भाजीवालीनं "योगवाळा काकी" म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षी ह्यांना न्यूमोनिया झाला आणि छाती कायमची अधू झाली. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला, भस्त्रिका बंद करायला सांगितली. ह्यांनी मुकाट्यानं ऐकलं. वर्ग मात्र सोडला नाही. अनुलोम-विलोम झालं की सगळ्यांदेखत पंप ओढायचे. त्यात कसली लाज, म्हणे!

शेजारची निरुपमा एकदा फिदीफिदी हसली. "काकू, श्वास शिकवणाराच पंप ओढतो?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी पिशवीत ठेवलेला पंप मी काढला आणि कपाटात टाकला. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न, घरी आल्यावर ओढतील.

नेमकी त्याच दिवशी बागेत धाप लागली. ह्यांनी अख्खी पिशवी सतरंजीवर उपडी केली म्हणे. वर्गातल्या हार्दिकभाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी धावत पोचले तेव्हा पंप का आणला नाही, असं हार्दिकभाई विचारत होते, "काका, पंप केम न लाव्या?" ह्यांनी मास्क बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भूली गयो."

जीव वाचला, पण काका विसरभोळे झाले, ही बातमी बागभर झाली. विसरभोळ्याच्या हाती आपला श्वास कोण देणार? महिन्याभरात वर्गाला नवे शिक्षक आले. ह्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही, माझ्याकडे तर नाहीच. एकदा तरी ओरडायचं होतं हो माझ्यावर!

काल सकाळी मनाचा हिय्या करून बागेत गेले. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. हार्दिकभाई समोर आले. "काकी, काका हजी भूली जाय छे?"

माझ्या तोंडून "हो, अजून विसरतात" निघालं. असली करंटी मी!

घरी आले तर हे गॅलरीत बसलेले. "किती जण होते गं?" म्हणाले.

"तुमच्या वेळेइतके नव्हते," मी म्हटलं. तेही खोटंच.